सायकल वारी

सायकल वारी म्हणजे आषाढी एकादशीपूर्वी पंढरपूर येथे विठ्ठलाच्या दर्शनासाठी समूहाने केला जाणारा दीर्घ पल्ल्याचा सायकल प्रवास होय. पायी वारीचे उद्दिष्ट आणि सायकलपटूंच्या समूहसफरीची पद्धत यांच्या मेळातून एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात महाराष्ट्रात हा प्रकार रूढ झाला. नाशिक–पंढरपूर ही या प्रकारातील सर्वांत परिचित वारी होय. पुणे–पिंपरी-चिंचवड परिसरातून आणि राज्याच्या इतर अनेक शहरांतूनही सायकलस्वारांचे गट पंढरपूरला जातात. या प्रवासाचा मोठा भाग दख्खनच्या पठारावरील सपाट शेतीप्रदेशातून होतो. घाटवाटा कमी असल्याने तो सोपा वाटतो. प्रत्यक्षात ऊन, वारा, सरळ रस्त्याचा एकसुरीपणा आणि महामार्गावरील वाहतूक यांमुळे सपाटीवरील लांब पल्ला सायकलस्वाराची वेगळ्या प्रकारे परीक्षा घेतो.

नाव आणि संकल्पना

‘वारी’ या शब्दाचा अर्थ ठरावीक काळाने पुनःपुन्हा केलेली फेरी असा आहे. जो वारी करतो तो वारकरी. वारकरी संप्रदायात आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार प्रमुख वाऱ्या मानल्या जातात; त्यांत आषाढीची वारी सर्वांत मोठी. संतांच्या पादुका पालखीत घेऊन जाण्याची पद्धत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केली, असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. दिंड्यांचा क्रम, चोपदार, ठरलेले मुक्काम आणि रिंगण ही सारी व्यवस्था हजारो माणसांना अनेक दिवस एका लयीत चालवण्यासाठी उभी राहिली आहे. सायकल वारीच्या संयोजकांना ही व्यवस्था नव्याने शोधावी लागली नाही. गट पाडणे, पुढे व मागे जबाबदार माणूस ठेवणे, मुक्कामाचे गाव आधी कळवणे आणि कोणालाही मागे एकटे न सोडणे या गोष्टी त्यांनी दिंडीकडूनच घेतल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

पूर्वसुरी

महाराष्ट्रातील समूह सायकल प्रवासाची परंपरा सायकल वारीहून बरीच जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या तिघांनी हा प्रवास पुरा केला. ते मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. त्या काळी ना धड रस्ते होते ना सुटे भाग मिळत होते, हे लक्षात घेता त्यांच्या प्रवासाची आजच्या सायकल सफरींशी तुलना करणेच अवघड आहे.

सामाजिक हेतूने निघालेल्या समूहफेऱ्यांत बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानाचे स्थान वेगळे आहे. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून निघालेले शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून काश्मीरच्या दिशेने गेले. १९८८ मध्ये दुसरे अभियान अरुणाचल प्रदेशातील इटानगर येथून गुजरातमधील ओखापर्यंत निघाले. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना बसणे शक्य नव्हते, म्हणून ते सोबतच्या वाहनात आडवे पडून प्रवास करीत. सायकल हे वाहन त्यांनी मुद्दाम निवडले होते, कारण मोटारीतून जाणारा माणूस गाव ओलांडून जातो, तर सायकलस्वाराला गावात थांबावे लागते.

नाशिक शहरात पुढे सायकल चळवळ वाढली, त्याला शहरातील काहींचे पराक्रमही कारणीभूत ठरले. डॉ. महेंद्र महाजन आणि डॉ. हितेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली.

नाशिक–पंढरपूर सायकल वारी

पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नाशिक–पंढरपूर सायकल वारीस आरंभ झाला. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशन ही संस्था तिचे आयोजन करते. वारी साधारणतः आषाढी एकादशीच्या आधीच्या एखाद्या आठवड्याच्या शेवटी निघते आणि तीन दिवसांत पंढरपूरला पोहोचते. एकादशीच्या दिवशीच पोहोचण्याचा आग्रह धरला जात नाही, आणि ते शहाणपणाचे आहे. त्या दिवशी पंढरपुरात लाखो भाविक असतात. शेकडो सायकली उभ्या करायला तिथे जागा मिळणे कठीण.

पहिल्या दिवशी नाशिक ते अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर), दुसऱ्या दिवशी अहिल्यानगर ते टेंभुर्णी आणि तिसऱ्या दिवशी टेंभुर्णी ते पंढरपूर असे टप्पे आहेत. एकूण अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. पहिला टप्पा सुमारे दीडशे ते एकशे साठ किलोमीटरांचा असून तोच सर्वांत दमवणारा आहे. शेवटचा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे. दिवसांची ही विषम वाटणी मुद्दाम केलेली आहे, कारण तिसऱ्या दिवशी पंढरपुरात पोहोचल्यावर दर्शन, मेळावा आणि परतीची तयारी यांना वेळ हवा असतो.

हा मार्ग ढोबळमानाने संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या दिशेने जातो. त्र्यंबकेश्वरहून निघणारी ही पालखी नाशिक, सिन्नर तालुका, राहुरी, अहिल्यानगर, मिरजगाव, करमाळा या वाटेने पंढरपूरला पोहोचते. तिला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. पालखीच्या वाटा गावांना धरून वळणे घेतात, तर सायकलींना मोठा डांबरी रस्ता सोयीचा पडतो. त्यामुळे दोहोंचा मार्ग तंतोतंत एक नाही.

मार्गाचे स्वरूप

नाशिकहून निघाल्यावर पुणे रस्त्यावर सिन्नरच्या अलीकडे मोहदरीचा छोटा घाट लागतो. या संपूर्ण वारीत नाव घ्यावा असा चढ एवढाच. सिन्नर हे यादवकालीन गोंदेश्वर मंदिरामुळे प्रसिद्ध आहे. पुढे नांदूर शिंगोटे येथे पुण्याकडे जाणारा रस्ता सोडून लोणीची वाट धरली जाते. येथून प्रदेश बदलू लागतो. सिन्नर तालुक्याचा कोरडवाहू, पावसाच्या छायेतील भाग मागे पडतो आणि प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेली उसाची शेती सुरू होते. लोणीलगतच्या प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात म्हणून तो ओळखला जातो. कोल्हारला प्रवरा आणि राहुरीला मुळा नदी ओलांडावी लागते. राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे.

अहिल्यानगरच्या पुढे पुन्हा अवर्षणप्रवण पट्टा येतो. मिरजगाव ते करमाळा हा भाग सीना आणि भीमा या नद्यांच्या मधला आहे. जूनमध्ये येथील बरीच शेते नांगरून पावसाची वाट पाहत असतात. रब्बी ज्वारीची पेरणी पावसाळ्याच्या अखेरीस होणार असल्याने नजर जाईल तिथवर काळी, उघडी जमीनच दिसते. रस्त्याला सावली फार कमी. करमाळ्याच्या पुढे उजनी धरणाच्या पाण्याचा प्रभाव दिसू लागतो. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याच्या काठच्या गावांचे पीक बदलले. कंदर परिसर आता केळीसाठी ओळखला जातो. चार तासांच्या अंतरात बाजरीचे शिवार, उघडे माळ, ऊस आणि केळी असा पालट पाहायला मिळतो. पाणी कोठपर्यंत पोहोचले आहे याचा असा प्रत्यक्ष धडा भूगोलाच्या पुस्तकातून मिळणे कठीण.

उंचीचा विचार केला तर अहिल्यानगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आणि पंढरपूर सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. म्हणजे एकशे ऐंशी किलोमीटरांत दोनशे मीटरांचा उतार. किलोमीटरमागे जेमतेम एक मीटर. हा उतार डोळ्यांना दिसत नाही आणि पायांनाही फारसा जाणवत नाही.

सपाटीवरील सायकलचालनाचे गणित

चढावर सायकलस्वाराचा विरोधक गुरुत्वाकर्षण असतो, तर सपाटीवर हवा. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याच्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १८ किलोमीटरऐवजी ३६ किलोमीटर वेगाने जायचे, तर हवेशी झगडण्यासाठी दुप्पट नव्हे, आठपट शक्ती खर्चावी लागते. म्हणून तरुण मंडळी सकाळच्या उत्साहात वेग वाढवतात आणि दुपारी त्याची किंमत मोजतात.

समोरून वारा असेल तर वेग न वाढवताही हीच गत होते. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला तेवढ्याच वेगाचा वारा समोरून आला, तर हवेचा विरोध चौपट होतो. डोंगराळ प्रदेशात वळणे, झाडी आणि टेकड्या यांचा आडोसा मिळतो. उघड्या शिवारात तो नसतो. चढाला शेवट असतो आणि पलीकडे उतार मिळतो, वारा मात्र दिवसभर वाहू शकतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत नाशिकहून आग्नेयेकडे जाणाऱ्याला वारा बहुधा बाजूने किंवा पाठीमागून मिळतो. हाच प्रवास उलट दिशेने सायकलीवरून केला, तर तो बराच कष्टाचा होईल.

समूहाचा खरा लाभ येथे आहे. पुढच्या सायकलच्या मागे जवळून चालवणाऱ्याला हवेचा विरोध कमी होतो आणि त्याची सुमारे पाव ते तिसरा हिस्सा शक्ती वाचते. शर्यतीतील सायकलपटू आळीपाळीने पुढे येऊन हा भार वाटून घेतात. सायकल वारीत मात्र सगळ्या वयांची आणि सरावाची माणसे असतात. दोन चाकांत हातभराचे अंतर ठेवून चालवणे त्यांच्यासाठी धोक्याचे आहे. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागची रांग एकमेकांवर कोसळते. म्हणून वारीत एका सायकलीइतके किंवा त्याहून अधिक अंतर ठेवणे योग्य. त्याने वाऱ्यापासूनचा आडोसा कमी मिळतो, पण पूर्णपणे जात नाही.

याखेरीज सपाटीचा आणखी एक त्रास आहे, त्याकडे नवखे दुर्लक्ष करतात. चढ-उतारांच्या रस्त्यावर स्वार कधी उभा राहून पॅडल मारतो, कधी पॅडल न मारता उतरतो. शरीराची ठेवण बदलत राहते. सपाटीवर तासन्तास एकाच ठेवणीत बसावे लागते. तळहाताला मुंग्या येणे, मान आखडणे, खोगिराने मांड्या सोलवटणे या तक्रारी त्यातूनच उद्भवतात. दर अर्ध्या तासाने काही क्षण उभे राहून पॅडल मारणे आणि हातांची जागा बदलणे हा साधा उपाय आहे. खोगिराची उंची चुकीची असेल तर शंभर किलोमीटरनंतर गुडघा दुखू लागतो. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी ती असावी.

समूहाची व्यवस्था

वारीतील सायकली एकसारख्या नसतात. हलक्या शर्यतीच्या सायकलींबरोबर जाड टायरच्या गिअरच्या सायकली, आणि क्वचित वीस किलोंच्या आसपास वजनाच्या जुन्या काळ्या सायकलीही दिसतात. अशा मिश्र समूहाचा सरासरी वेग ताशी १५ ते २० किलोमीटर राहतो. ताशी १८ किलोमीटर धरला तर एकशे साठ किलोमीटरांना निव्वळ नऊ तास लागतात. नाश्ता, जेवण, पंक्चर आणि विश्रांती धरून दिवस बारा-तेरा तासांचा होतो. पहाटे अंधारातच निघावे लागते ते याच कारणाने.

संपूर्ण समूह एका लांबलचक रांगेत नेण्याऐवजी त्याचे लहान गट पाडणे अधिक सुरक्षित असते. दोन गटांत अंतर राहिले म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला एका वेळी दहा-पंधरा सायकली ओलांडून मध्ये येता येते. प्रत्येक गटात वाट माहीत असलेला एक पुढे आणि दुरुस्ती येणारा एक शेवटी असावा. शेवटच्या माणसाने कोणाच्याही पुढे जायचे नाही, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. दिंडीत जे काम चोपदार आणि विणेकरी दोन टोकांना करतात, त्याचीच ही आवृत्ती आहे. खड्डा, गतिरोधक किंवा थांबण्याची सूचना हाताने आणि आवाजाने मागे पोहोचवली जाते. एकेरी रांग मोडून गप्पा मारत जोडीने चालवण्याचा मोह सपाट, सरळ रस्त्यावर फार होतो, आणि अपघातांना तो मोठे निमंत्रण देतो.

जूनमध्ये उसाचा गाळप हंगाम संपलेला असतो, त्यामुळे उसाने लादलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर नसतात. त्याऐवजी पेरणीचे दिवस असल्याने शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. पहिल्या पावसात ही माती साबणासारखी निसरडी होते. तिच्यावरून जाताना ब्रेक न दाबता, हँडल सरळ ठेवून पुढे सरकावे लागते. कडेने चालवताना बाभळीच्या काट्यांनी पंक्चर होते. टायर फिरवून आतून बोटाने चाचपून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर ती पुन्हा त्याच जागी फुटते. सुगीच्या दिवसांत निघणाऱ्या सफरींना रस्त्यावर वाळत घातलेले धान्य आडवे येते. ते चुकवून जाणे हे सुरक्षिततेइतकेच शिष्टाचाराचेही आहे, कारण तो कोणाच्या तरी वर्षाचा दाणा असतो.

आहार आणि पाणी

एकशे साठ किलोमीटरांच्या दिवसात मध्यम बांध्याच्या स्वाराची सुमारे तीन ते चार हजार किलोकॅलरी ऊर्जा सायकल चालवण्यातच खर्च होते. एका जेवणात हे भरून निघत नाही. दर तासाला थोडे थोडे खाणे, आणि तेही पचायला हलके, हा अनुभवाचा नियम आहे. केळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-पोळी हे पदार्थ वाटेतल्या कोणत्याही गावात मिळतात आणि बाजारातील महागड्या पाकिटांपेक्षा उणे नाहीत. दुपारी पोटभर जेवून लगेच उन्हात निघणे टाळावे.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. नुसते साधे पाणी भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरून मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा आणि क्वचित प्राणघातक अवस्था येऊ शकते. याची लक्षणे उष्माघातासारखी भासत असल्याने सोबतचे लोक आणखी पाणी पाजतात आणि धोका वाढतो. जलसंजीवनी, ताक, मीठ घातलेले लिंबू-सरबत यांपैकी काही पाण्याच्या जोडीला असणे म्हणूनच आवश्यक आहे. बोलण्यात विसंगती येऊ लागलेला स्वार पुढे चालवू शकतो असे म्हणत असला, तरी त्याला सोबतच्या वाहनात घेऊन डॉक्टरकडे न्यावे.

पंढरपूर येथे

पंढरपूरला पोहोचल्यावर सायकलींचे रिंगण धरले जाते. पालखी सोहळ्यात मैदानात अश्व धावतो ते रिंगण. येथे सायकलस्वार वर्तुळाकार फेऱ्या घेतात. अलीकडच्या वर्षांत राज्याच्या निरनिराळ्या भागांतून निघालेले गट एकाच दिवशी पंढरपूरला यावेत, असा प्रयत्न केला जातो. पायांत चप्पल घालून साधी सायकल चालवत आलेला शेतकरी आणि हजारो रुपयांची सायकल घेऊन आलेला नोकरदार एका वर्तुळात फिरताना दिसतात, हे दृश्य पाहण्यासारखे असते.

वारी की सफर?

सायकलीने जाण्याला ‘वारी’ म्हणावे का, याविषयी दुमत आहे. आक्षेप असा की वारीचे सार चालण्यात आहे. चालताना भजन होते, वाटेतल्या गावांशी संबंध येतो, शरीर झिजते आणि अहंकारही. तीन दिवसांत साडेतीनशे किलोमीटर कापण्याचे समाधान हे पराक्रमाचे समाधान आहे आणि भक्तीत पराक्रमाला जागा नाही. या आक्षेपात तथ्य आहे. महामार्गावर सायकल चालवताना टाळ वाजवता येत नाहीत आणि धाप लागली असता अभंगही म्हणता येत नाही.

दुसरी बाजू अशी की वारीची मूळ कल्पना नेमाची आहे. तीन आठवडे घर-नोकरी सोडणे ज्यांना शक्य नाही, त्यांना तीन दिवसांचा नेम पाळता येतो. परिस्थितीनुसार वाहन स्वीकारल्याचे उदाहरण खुद्द पालखी सोहळ्यातच आहे. कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही आणि संतांच्या पादुका राज्य परिवहन मंडळाच्या बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. अर्थात ती आपद्धर्माची सोय होती; तिचा आधार घेऊन सायकल वारीला पायी वारीच्या बरोबरीला बसवणे ताणल्यासारखे होईल. सायकल वारीचे बहुतेक संयोजकही तसा दावा करत नाहीत. पर्यावरण, आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांचे संदेश ते सोबत घेतात.

रस्त्यांच्या दृष्टीने पाहता, संत ज्ञानेश्वर महाराज आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाचा शिलान्यास ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाला. त्यांत पायी जाणाऱ्या वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र वाट राखण्याची योजना आहे.

अन्य देशांतील समांतर उदाहरणे

शेतीप्रदेशातून जाणाऱ्या समूह सायकल सफरी अन्यत्रही लोकोत्सव बनल्या आहेत. अमेरिकेच्या आयोवा राज्यात १९७३ मध्ये ‘द मॉइन रजिस्टर’ या वृत्तपत्राच्या दोन पत्रकारांनी वाचकांना सोबत येण्याचे आवाहन करून अशी सफर काढली. ‘रॅगब्राय’ या नावाने ती आजही दर जुलैत निघते. मक्याच्या शेतांतून जाणारी ही आठवडाभराची वाट दरवर्षी बदलते आणि मुक्कामाची लहान गावे हजारो स्वारांचा पाहुणचार करतात. निघताना मागचे चाक मिसुरी नदीत आणि पोहोचल्यावर पुढचे चाक मिसिसिपीत बुडवण्याची तिची प्रथा गंगास्नानाची आठवण करून देते. नेदरलँड्समधील फ्रीसलँड या अत्यंत सपाट प्रांतात अकरा नगरांना जोडणारी सुमारे २३५ किलोमीटरांची एकदिवसीय फेरी दरवर्षी पेंटेकॉस्टच्या सोमवारी बोल्सवार्ड येथून निघते. फ्रान्समधील पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या १२०० किलोमीटरांच्या फेरीचा उगम १८९१ च्या शर्यतीत असून ती आता चार वर्षांतून एकदा होते. तिच्या धर्तीवर जगभर होणाऱ्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या ‘ब्रेव्हे’ सफरींना अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांची मर्यादा असते. महाराष्ट्रातही त्या नियमित होतात.

बुलढाणा जिल्हा व साखरखेर्डा परिसर

विदर्भातून पंढरपूरकडे जाणाऱ्या जुन्या वाटा बुलढाणा जिल्ह्यातून जातात. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, जालना या दिशेने जाते. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतीच्या प्रवासात बीड, जालना, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या मार्गाने येते. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीसमोर आहे. खडकपूर्णा प्रकल्पाच्या जलाशयाला त्यांच्यावरूनच संत चोखासागर हे नाव दिलेले आहे.

सिंदखेड राजा तालुक्यातील साखरखेर्डा हे या दोन पालखीवाटांच्या दरम्यानचे मोठे गाव. पलसिद्ध महाराजांचा मठ आणि गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतील प्रल्हाद महाराज रामदासी यांचे स्थान म्हणून ते भाविकांना माहीत आहे. इतिहासात ते ऑक्टोबर १७२४ मध्ये येथे झालेल्या लढाईमुळे नोंदले गेले. निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा येथे पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला. घोडदळाला मोकळे मैदान देणारी हीच जमीन आज सोयाबीन, तूर, कापूस आणि हरभऱ्याखाली आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील सपाटी दोन प्रकारची आहे, आणि सायकलस्वाराने त्यांतला फरक ओळखावा. उत्तरेकडील मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भाग, म्हणजे वऱ्हाडातील पयानघाट. तो खरोखर सपाट आहे, जमीन खोल काळी आणि उन्हाळा अतिशय कडक. त्यातील बऱ्याच गावांत भूजल खारे असल्याने तो खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. तेथे हातपंपाच्या पाण्यावर भरवसा ठेवू नये, पाणी सोबत बाळगावे. दक्षिणेकडील चिखली, मेहकर, साखरखेर्डा, सिंदखेड राजा हा घाटमाथ्याचा भाग, म्हणजे वऱ्हाडातील बालाघाट. तो दुरून सपाट दिसतो, पण नद्या-नाल्यांनी कापलेला असल्याने रस्ता सतत लहान चढ-उतार घेतो. खामगावहून चिखली किंवा मेहकरकडे यायचे तर मधला घाट चढावाच लागतो.

साखरखेर्ड्याहून पंढरपूर रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. सिंदखेड राजा, जालना, अंबड या वाटेने जाऊन शहागड येथे गोदावरी ओलांडली, की गेवराईपासून बीडपर्यंत कापसाचा सपाट प्रदेश लागतो. बीडच्या दक्षिणेस मांजरसुंब्याचा घाट चढून येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडीमार्गे पंढरपूर गाठता येते. म्हणजे नाशिककरांच्या वाटेपेक्षा ही वाट लांबीने फारशी अधिक नसली, तरी चढ जास्त आहेत आणि पहिल्या मोठ्या चढाची गाठ दुसऱ्या दिवशी, थकलेल्या पायांनी पडते. सरावाच्या गटाला तीन, इतरांना चार दिवस धरावे लागतील.

या परिसरात रोज सायकल चालवणारे खरे स्वार शाळकरी मुले-मुली आहेत. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकलींकरिता साहाय्य मिळते. वाडी-वस्तीवरून तीन-चार किलोमीटर येणाऱ्या मुलीची वर्षभराची बेरीज केली, तर एका शाळेच्या वर्षात ती पंढरपूरला दोनदा जाऊन येईल इतके अंतर सहज कापते. तिचा रस्ता मात्र बहुधा कडेची पट्टी नसलेला एकपदरी डांबरी रस्ता असतो.

जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाची मेहकर आणि सिंदखेड राजा ही प्रवेशस्थाने साखरखेर्ड्यापासून दूर नाहीत. नागपूर ते शिर्डी हा त्याचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि मुंबईकडील शेवटचा भाग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग सायकलस्वाराला मोह पाडणारा असला, तरी या महामार्गावर दुचाकी, तीनचाकी आणि सायकली यांना प्रवेश नाही. सायकलने पंढरपूरकडे निघणाऱ्यांसाठी गावांतून जाणारे जुने रस्तेच उरतात.